बॅनरवरची शिरगणती

"कुणाला सांगितलं तर खोटं वाटंल, पण मागच्या साली आमच्या बांधपाड्यात एकपण बाई नव्हती," लडकूबाबा म्हणाले आणि तंबाखूची चिमूट गालात सरकवून मंदाकडे बघत राहिले.

मंदा गोदामात पॅकिंगला होती. दोनेक महिन्यांपूर्वी पाड्यातल्या चाळीत भाड्याने राहायला आलेली. पाठ अशी धरली होती की मान वर करता येत नव्हती, म्हणून सुट्टी टाकून आज पहिल्यांदाच फिरत्या दवाखान्याच्या रांगेत, बाकड्यावर वाकून बसली होती. डॉक्टरांची गाडी कशेळीच्या ट्रॅफिकमध्ये अडकल्याचा निरोप आला होता. बाहेर ऊन मी म्हणत होतं, पण रांगेवर चांगली मांडवासारखी सावली होती. पहिला नंबर लडकूबाबांचा होता.

"एकपण नव्हती? मग या कोण?" मंदाने जमिनीकडे बघतच रांगेतल्या बायकांकडे हात केला. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"या होत्या गो. पण मोजण्यात नव्हत्या. ऐक तर."

लडकूबाबांचं बोलणं म्हणजे खाडीचं पाणी. गोडं किती आणि खारं किती, ते चाखल्याशिवाय कळत नाही. पण गाडी येईपर्यंत दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. मंदा ऐकू लागली.

गोष्ट चांगदेवशेठच्या घरातून सुरू झाली. भाताची शेतं गोदामांखाली गेली आणि चांगदेवचे चांगदेवशेठ झाले, पण त्यांच्या आईची, आक्काची साखर काही कमी झाली नाही. गुडघे गेलेले, पायाला सूज. डॉक्टर ठाण्याला, आणि मध्ये कशेळीचा सदा तुंबलेला पूल. शेवटच्या खेपेला आक्का सकाळी निघाली ती दवाखाना बंद झाल्यावर पोचली. परत आल्यावर तिने ओट्यावर बसून जाहीर केलं, "मरायचं तर घरात मरंन. कंटेनरच्या मागं धूर खात पुलावर न्हाय मरायची." त्या दिवसापासून तिने ठाणं सोडलं. पाठोपाठ गोळ्याही सुटल्या.

तिची नातसून, म्हणजे शेठची सून निशा हुशार. तिने एक संस्था शोधून काढली. दर बुधवारी डॉक्टर, औषधं, तपासणी, सगळं गाडीतून दारात. अट एकच, वस्ती दोन हजारांच्या वर पाहिजे. सरकारी जनगणनेत पाडा आठशेच्याही आत होता, पण त्या जनगणनेच्या वेळी जो पाळण्यात होता तो आता चोरून बुलेट फिरवत होता. संस्थेचं म्हणणं पडलं, सरकारी आकडा जुना असेल तर दुसऱ्या कुठल्या तरी भरवशाच्या, बिनसरकारी ठिकाणाहून आकडा आणा. आम्ही येऊन पडताळू.

निशा घरोघर फिरली. पहिल्या घराला वाटलं रेशनकार्ड कापायला आली, त्यांनी माणसं लपवली. दुसऱ्याला वाटलं काहीतरी फुकट मिळणार, त्यांनी सासरी गेलेल्या मुलीसुद्धा मोजल्या. चाळींचे मालक तर भाडेकरूंचं नावच काढू देईनात. पंचवीस माणसांच्या चपला दारात, आणि मालक म्हणे, "खोल्या रिकाम्या हायत." मग तिने शाळेचा पट पाहिला, तर पोरं भिवंडीच्या इंग्लिश मीडियमला. विजेचे मीटर मोजले, तर तीन घरांत एक मीटर आणि एका गोदामाला अकरा.

"तू ऱ्हाव दे," चांगदेवशेठ म्हणाले. "मना ठिकाण म्हायती हाय."

ते उठले आणि भिवंडीत दीपेशच्या बॅनरच्या दुकानात गेले.

आता हे चुकलं असं म्हणता येत नाही. पाड्यात एखाद्या घराला नंबर नसेल, पण बॅनरवर फोटो नाही असा गडी सापडायचा नाही. वाढदिवस झाला, बॅनर. नवी गाडी आली, बॅनर. पोरगा दहावीला काठावर पास झाला, तरी चौकात त्याचा हात जोडलेला फोटो आणि खाली शुभेच्छुकांच्या मुंडक्यांच्या चार रांगा.

"काका, तुमच्या पाड्याचा अख्खा डाटा माझ्याकडे आहे," दीपेशने कॉम्प्युटर फिरवून दाखवला. "ह्या फोल्डरमध्ये शुभेच्छा, ह्याच्यात श्रद्धांजली. माणूस गेला की मी फोटो इकडून तिकडे सरकवतो."

"सरकारला जमत न्हाय रं हे!"

"सरकार दहा वर्षांनी येतं. माझ्याकडं लोक दर आठवड्याला येतात."

फोटो मोजले. दोन हजार शंभराच्या वर! चांगदेवशेठनी दीपेशला मिठी मारायचीच बाकी ठेवली.

"संस्थेच्या तक्त्यात वय काय टाकू?" दीपेशने विचारलं.

"बॅनरवर काय हाय?"

"सगळे 'युवा नेतृत्व' आहेत."

"मग युवाच टाक."

"आणि बायका? तसा रकाना आहे इथं."

"आसतील ना. बघ."

दीपेशने बराच वेळ माउस फिरवला. "आहेत काका. पण सगळ्या श्रद्धांजलीत."

"त्यांना आकडा पायजेल, आकडा जमलाय. धाड." आणि निशाला न दाखवता शेठनी तक्ता संस्थेच्या नंबरवर धाडून दिला.

दुसऱ्याच दिवशी संस्थेच्या नेत्रा मॅडमचा फोन. शेठनी स्पीकर लावला, म्हणून ओट्यावरच्या सगळ्यांना ऐकू आलं.

"चांगदेवजी, असा तक्ता मी आजवर पाहिला नाही. दोन हजारांवर पुरुष, सगळे तरुण. आणि हयात स्त्री एकही नाही?"

"हायत ना मॅडम!"

"कुठे आहेत?"

"आतमधी."

"मग मोजल्या का नाहीत?"

"त्यांचे फोटो न्हायत."

"फोटो का नाहीत?"

"मेल्या न्हाय अजून," शेठ म्हणाले.

"मी बुधवारी स्वतः येते," असं म्हणून मॅडमनी फोन ठेवला, तो अगदी हळू, पोलिसांना कळवणारा माणूस ठेवतो तसा.

निशाने कपाळाला हात लावला. "मामा, तुम्ही गाव मोजलं का पोस्टर? आता आजींच्या गोळ्या कशा यायच्या?" शेठनी मान फिरवली. आईच्या पायाकडे बघण्याची त्यांची हिंमत नव्हती.

बुधवारी खारबावला शेठच्या भाचीची हळद होती. पाड्यातल्या झाडून साऱ्या बायका नटूनथटून टेम्पोत बसून सकाळीच गेल्या. मॅडम यायच्या होत्या संध्याकाळी, तोवर परत येण्याचं निशाने कबूल केलं होतं. पण मॅडम भर दुपारीच येऊन उभ्या राहिल्या.

"कारण त्या दिवशी कशेळीला ट्रॅफिकच नव्हतं," लडकूबाबा म्हणाले.

"बाबा, कायपण!" मंदा म्हणाली. "बिनबायकांचं गाव मी गिळलं. हे न्हाय गिळणार."

"तेवढं सोडून दे. पुढचं ऐक."

मॅडम बघतात तर खरंच, गल्लीत गडी, ओट्यावर गडी, नळावर गडी. शेठनी त्यांना घरात बसवलं आणि चहाचं फर्मान सोडलं. ते सोडलं कुणाला, हे त्यांना सोडल्यावर कळलं. मग शेठ, त्यांचा भाऊ विठू आणि शेजारचे दोन गडी स्वयंपाकघरात शिरले. आक्कापासून लपवायची म्हणून घरातल्या बायका साखरेची जागा रोज बदलत. चौघांनी तीसेक डबे उघडले. एकाने भांडं पाडलं, दुसऱ्याने दूध उतू घालवलं आणि विठूने तांदळाचं पीठ चाखून "हीच काय?" असं विचारलं. दारातून बघणाऱ्या मॅडमचे डोळे भरून आले.

"किती काळ चाललंय तुमचं हे असं?" त्यांनी हळुवार विचारलं.

"आज सकाळधरनं," शेठ खरं तेच म्हणाले. मॅडमना वाटलं, माणूस दुःख गिळतोय.

इतक्यात आतल्या खोलीतून आवाज आला, "हळदीच्या डब्याखाली हाय साखर, मेल्यांनो! मना ठाव हाय, तुमाला न्हाय?"

मॅडम दचकल्या आणि आत धावल्या. खाटेवर आक्का, पाय लांब करून बसलेली.

"आजी! गावात तुम्ही एकट्याच?"

"एकटीच गो बाय. सगल्या सकालीच सोडून गेल्या. ह्या पायांनी मना मागं ठेवलं. कोन इचारतंय?"

मॅडमनी तिच्या पायावर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला. त्यांनी गोळ्यांचं विचारलं, आक्काने कशेळीच्या पुलाचं सांगितलं. मग मॅडम तिचा हात धरून बसल्या. दारात चांगदेवशेठ हातात साखरेचा डबा घेऊन उभे होते, आणि त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाला ढोल-ताशा वाजला. हळदीवरनं टेम्पो परतले होते. टेम्पोंचे मागचे फाळके पडले आणि पिवळ्या तोंडांच्या, गजरे घातलेल्या, नाचून घामेजलेल्या बायका उतरू लागल्या. ताशा ऐकून पोरं घराबाहेर आली, चाळींतल्या रिकाम्या खोल्यांतून भाडेकरू बाहेर आले, म्हातारे काठ्या टेकत आले. लपवणार कोण आणि कुणाला? मॅडम गल्लीच्या तोंडाला उभ्या राहून मोजत होत्या, निशा बोटं दुमडत होती.

"एका दमात नऊशे बाया उतरल्या," बाबा म्हणाले.

"टेम्पो किती?"

"तीन."

"तीन टेम्पोत नऊशे?"

"दाटीवाटीनं."

मग गडी मोजले, तर तिथे वेगळाच गोंधळ. दीपेशच्या फोल्डरमध्ये एकटे चांगदेवशेठच शंभर वेगवेगळ्या शर्टांत होते. बाकीचं युवा नेतृत्वही कुणी दोनदा, कुणी तीनदा. गडी गळत गळत अर्ध्यावर आले. पण जेवढे गडी गळाले, तेवढे बायका-पोरांनी आणि भाडेकरूंनी भरून काढले, आणि बेरीज पुन्हा दोन हजारांच्या वर जाऊन टेकली.

"आकडा बरोबर होता," नेत्रा मॅडम म्हणाल्या. "माणसं तेवढी चुकली होती."

पुढच्या बुधवारी गाडी आली. आक्काच्या गोळ्या सुरू झाल्या, महिन्याभरात सूज उतरली आणि ती स्वतःच्या पायाने चुलत जावेच्या घरी भांडायला गेली. ते बघून चांगदेवशेठ पुन्हा दीपेशकडे गेले. ह्या वेळी बॅनर निघाला आभाराचा. 'तुम्ही होतात, म्हणून गाव होतं. पाड्यातल्या समस्त आया-बहिणींचे आभार.' सगळ्या बायकांचे फोटो, मधोमध आक्का, मोठ्या पुढाऱ्याच्या जागेवर. बायका आधी घाबरल्याच, "फोटो लागला म्हंजे आमी मेलो काय?" म्हणाल्या. पण लागल्यावर प्रत्येकीने चौकात उभं राहून स्वतःला शोधलं. कुणीतरी आपले आभार मानलेत, हे त्यांना आठवडाभर पुरलं.

"डॉक्टरपण आता तोच बॅनर यादी म्हणून धरतात," बाबांनी सांगितलं. "सरकारी नको, दुसरं नको. बॅनरवर जी बाई हाय, तिचा नंबर आधी. गडी मागनं."

"गडी एकपण न्हाय त्याच्यावर?"

"गड्याची सावलीपण न्हाय! आक्काची शपथ."

"मला बघायचाय तो बॅनर. कुठं लावलाय?"

पहिल्या नंबरावर बसलेल्या बाबांनी पटकन तंबाखू थुंकली. "तो? तो उडला गो. अस्सा वारा सुटला, खाडीवरनं सरळ ठाण्याला गेला. पुलावर अडकलेल्या लोकांनी खालनं हात जोडले. त्यांना वाटलं, देवीच चालली."

रांगेत खसखस पिकली. मंदाची पाठ आता फारच ठणकत होती. "जरा सरका, आडवी होते," म्हणून ती बाकड्यावर उताणी पडली आणि सकाळपासून पहिल्यांदाच तिची नजर वर गेली. रांगेवर सावलीसाठी चार बांबूंना ताणून बांधलेल्या कापडातून शेकडो बायका तिच्याकडे बघत होत्या. मधोमध एक म्हातारी, मोठ्या पुढाऱ्याच्या जागेवर.

मंदा बराच वेळ एकेक चेहरा बघत राहिली.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "आक्का तर हितंच हायत. पण त्या खालच्या कोपऱ्यात, पदर डोईवर घेतलेली, गालात तंबाखू धरलेली बाई, तिला मिशी कशी?"