टॉपलिंकचं माप

आमच्या सोसायटीत चौऱ्याऐंशी फ्लॅट आहेत आणि ट्रॅक्टर एकही नाही. तरीही आमच्या समोरच्या दारातले गायकवाड काका गेली दोन वर्षं ट्रॅक्टरच्या टॉपलिंकला हायड्रॉलिक सिलेंडर कोणता घ्यावा, याचा विचार करत आहेत. कर्वेनगरात लोक या वयात रक्तातली साखर तपासतात, नातवाला क्लासला सोडतात, दुसऱ्याच्या पार्किंगवर लक्ष ठेवतात. काका पिनच्या भोकाचा व्यास तपासतात.

काका मोजणी खात्यातून भूमापक म्हणून निवृत्त झाले. एकटेच राहतात. खिशात कायम स्टीलची टेप. 'अंदाजे' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नाही. "अंदाजे म्हणजे किती?" असं ते ताबडतोब विचारतात आणि उत्तर मिळेपर्यंत सोडत नाहीत. माझ्या बायकोनं एकदा वाटीभर साखर मागितली, तर म्हणाले, "वाटी कोणती?"

मी कॉलेजात इतिहास शिकवतो. ट्रॅक्टरशी माझा संबंध तो रस्त्यात पुढे असला की मागून चरफडण्यापुरता. पण काकांनी मला तयार केलं. नांगर ट्रॅक्टरला तीन ठिकाणी जोडतात. त्यातला वरचा दांडा म्हणजे टॉपलिंक. तो आखूड-लांब केला की नांगराचं नाक खाली-वर होतं. साध्या दांड्याला आटे असतात, ते हातानं फिरवायचे, म्हणजे दर वेळी सीटवरून खाली उतरायचं. त्याच्या जागी तेलाच्या दाबावर चालणारा सिलेंडर बसवला, की वर बसल्याबसल्या लिव्हर ओढायची. काम संपलं.

"लॉक व्हॉल्व्ह पाहिजेच," काका मला जिन्यात थांबवून सांगतात. "नाहीतर दांडा चालू कामात हळूहळू सरकतो. लक्षात ठेवा." मी लक्षात ठेवतो. माझ्या विद्यार्थ्यांनी माझं इतकं कधी ठेवलेलं नाही.

उन्हाळ्यात सोसायटीत पाण्याचा टँकर येतो, तो ट्रॅक्टरला जोडलेला. सगळी सोसायटी पाण्याची वाट बघत असते, काका ट्रॅक्टरची. गेल्या मे महिन्यात ते टेप घेऊन मागच्या बाजूला शिरले आणि पंधरा मिनिटं बाहेर आले नाहीत. शेवटी ड्रायव्हर म्हणाला, "काका, पाणी उतरवू का ट्रॅक्टरच सोडून जाऊ?"

एकदा दुकानातही मला घेऊन गेले. तासभर चौकशी झाल्यावर दुकानदारानं विचारलं, "आपला ट्रॅक्टर कोणता?"

"माझा नाही."

"बरं. शेत?"

"तेही नाही."

"वा. मग आता एक वाजलाय, मी जेवायला जाऊ का?"

परत येताना मी जरा चिडूनच काकांची वही मागितली. सात कंपन्यांचे सिलेंडर, बंद असतानाची लांबी, उघडल्यावरची लांबी, भोकं, नळ्या, सगळं मोत्यासारख्या अक्षरात. फक्त पहिलीच ओळ कोरी होती : 'प्रत्यक्ष ट्रॅक्टरवर, पिन ते पिन.'

"अहो, हेच माप नाही तर बाकीचं कशाला?"

काकांनी वही माझ्या हातातून काढून घेतली आणि सांगितलं. ट्रॅक्टर त्यांच्या धाकट्या बहिणीचा, शकूचा. वाघोलीच्या पुढे गाव. मेव्हणे गेले, तेव्हा पुण्यानुमोदनाच्या दिवशी चार माणसांदेखत काका तिला म्हणाले होते, "ट्रॅक्टर विकून टाक. बाईमाणसाचं काम नाही ते." त्यावर ती म्हणाली, "दादा, तुला मापं कळत्यात, माणसं कळत न्हाईत." तेव्हापासून बोलणं बंद. शकूताई ट्रॅक्टर शिकल्या, आता आजूबाजूची चार शेतंही नांगरून देतात. दोन वर्षांपूर्वी गावाकडून कळलं, की त्यांचा गुडघा गेलाय आणि टॉपलिंक फिरवायला दर वेळी लंगडत उतरतात.

"मग फोन करा."

"तीच तर अडचण आहे," काका म्हणाले.

मला त्यांची दया आली आणि रागही आला. त्याच संध्याकाळी मी माझा फोन पुढे केला. नंबर त्यांना तोंडपाठ होता. दुकानातून बोलतोय असं सांगा म्हणाले, आणि काय विचारायचं ते एका चिठ्ठीवर लिहून दिलं. स्पीकर लावून मी वाचू लागलो, "नमस्कार, टॉपलिंकच्या दोन्ही पिनांमधलं अंतर हवं होतं. मध्यापासून मध्यापर्यंत. तीन वेळा मोजून, मिलिमीटरमध्ये."

पलीकडून शकूताई म्हणाल्या, "भाऊ, आमचा दादा तुमच्या शेजारीच उभा हाय ना?"

मला खोटं बोलता येत नाही. मी काकांकडे पाहिलं.

"गुडघ्याचं विचारा," काका कुजबुजले.

"ऐकू येतंय म्हणावं मला. आन मी काय मोजत न्हाई. हवं आसंल तर टेप घेऊन स्वतः ये म्हणावं." फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून निघाले. नवी टेप, वही, दोन पेन्सिली. मी दिवसभर कॉलेजात होतो, पण शिकवण्यात लक्ष लागेना.

संध्याकाळी दार वाजलं. काका उभे. पांढऱ्या शर्टाला ग्रीस, पँटला गुडघ्यापर्यंत माती, दोन्ही तळहातांवर फोड. मी घाबरलोच.

"काही नाही हो. ती वर बसून सांगत होती, मी खाली उभा राहून दांडा फिरवत होतो. दोन एकर झालं." त्यांनी तळहात माझ्यापुढे धरले, बक्षीस दाखवावं तसे. "एकदाही उतरू दिलं नाही तिला."

"आणि माप? किती आलं पिन ते पिन?"

काकांनी वही उघडली. पहिली ओळ कोरीच होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वहीकडे पाहिलं.

"राहिलंच की हो," ते म्हणाले. "आता रविवारी परत जावं लागेल."