इकडं बघू नका!

मी बी.ए. होईपर्यंत आमच्या भिंतीवर एकही फोटो नव्हता. वडील फोटो न काढताच गेले. आईनं दुसऱ्यांच्या रानात खुरपून मला बी.ए. केलं. भावकीतला पहिला पदवीधर मी. हे मी अजूनही छाती काढून सांगतो. निकाल लागला तसा आईला घेऊन पारनेरला एकनाथनानांच्या स्टुडिओत गेलो.

सगळे फोटोवाले म्हणतात, इकडं बघा. नाना ओरडायचे, "इकडं बघू नका!"

का, तर म्हणे, "क्यामेऱ्याकडं बघनारा पाव्हना वाटतो. न बघनारा घरचा." या हट्टापायी कॉलेजच्या अर्जावरचा माझा फोटो परत आला होता: उमेदवार भिंतीकडे बघत आहे.

पारनेरच्या कडेला एक धाब्याचं घर होतं. एक नावाजलेले लेखक लहानपणी तिथं राहिलेले. ते मुंबईला गेले, घराला कुलूप लागलं. नाना गिऱ्हाइकांना त्या घरात बसवायचे. म्हणजे फोटोत: त्या घराची निगेटिव्ह आणि गिऱ्हाइकाची, दोन्ही एकाच कागदावर छापायचे. लाल दिव्याखाली, ट्रेमधल्या पाण्यातून आधी भिंत वर यायची, मग खिडकी, मग खिडकीआड धुक्यातून चालत आल्यासारखी माणसं. कुणी हसतंय, कुणी पटका बांधतंय.

एकदा सरपंच भडकले. "एकनाथा, मला जात्याशी बसिवलं व्हय रं?"

"तितंच उजेड बरा हुता, सरपंच."

सरपंचांनी शिव्या घातल्या आणि जाताना फोटो घेऊन गेले.

खिडकीबाहेर मात्र दर फोटोत एकच बाई. क्यामेऱ्याकडं पाठ करून, गज धरून आत डोकावणारी. मी स्टुडिओत कायम पडीक; कितीदा विचारलं. "हाय एक. फोटोला लागती," एवढंच उत्तर.

त्या दिवशी आईनं स्टुडिओच्या भिंतीवरचे नमुने बघितले आणि सरळ विचारलं, "भावजी, ही तुमची मंडळी व्हय?"

नाना काच पुसायचे थांबले.

"व्हय, वैनी. त्या लेखकाची पुस्तकं लई वाचायची. लगीन झाल्यावर म्हनली, घर दावा. नेलं. मी म्हनलं, इकडं बघ. तर म्हनती, थांबा की, आत कोन हाय बघते. तवर बटन दाबलं ग्येलं." नाना पुन्हा काच पुसू लागले. "मग म्हनली, अवो, कुनीच न्हाई आत. तोंड एवढुसं झालं. त्याच साली बाळंतपनात गेली. दुसरा फोटो न्हाई तिचा."

आईनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "येवढी मानसं बसिवली, पर सगळी तोंड फिरवून! बाई दारात आली तर कुनी बघाया नगं तिच्याकडं? मला बसवा तिच्या म्होरं. पोराला शेजारी."

नाना काळ्या फडक्यात शिरले.  आतून आवाज आला,

"वैनी... इकडं बघा."

आई बघून हसली. बांधावर ओळखीची बाई दिसल्यावर हसायची, तशी.

तो फोटो आमच्या भिंतीवर लागला. आमच्या घरातला पहिला. त्या कुलूपबंद घरातून तिच्याकडं कुणीतरी बघितलं, तेही पहिल्यांदाच.