सहा किल्ल्या आणि खंडेनवमी

मी उघडलेली कुठलीही वस्तू परत जोडताना आजवर एकही स्क्रू उरलेला नाही. मिक्सर, इस्त्री, शेजारच्यांचा टेपरेकॉर्डर, इतकंच काय, सगळ्यांनी आशा सोडलेला प्रयोगशाळेतला ऑसिलोस्कोपसुद्धा माझ्या हाताखालून सुखरूप गेला आहे. पनवेलच्या एका ज्युनियर कॉलेजात मी फिजिक्स शिकवते. त्यामुळे नवऱ्याच्या इलेक्ट्रिक गिटारच्या सहा किल्ल्या बदलणं हे मला भेंडी चिरण्याइतकं सोपं काम वाटलं!

किल्ल्या म्हणजे गिटारच्या वरच्या टोकाला असतात त्या. त्या पिळल्या की तार ताणली जाते आणि सूर चढतो. कुमारच्या किल्ल्यांचे दाते झिजले होते. एका गाण्यात सूर पंक्चर झालेल्या टायरसारखा खाली बसायचा.

ब्याण्णव साली हे काम तातडीचं झालं. कुमार ज्या ऑर्केस्ट्रात हौसेने वाजवायचा, त्यातला ऑर्गनवाला हितेश नोकरीसाठी मस्कतला गेला. ऑर्केस्ट्राचे मालक आणि गायक उदयसिंह यांनी कुमारला सांगितलं की नवमीला सुकापूरच्या मंडळात कार्यक्रम आहे, ऑर्गनचं सगळं काम तू गिटारवर कर. जमलं तर तू कायमचा पुढे. नाही जमलं तर नवा ऑर्गनवाला आणू, आणि मग गिटारची गरजच काय? सात वर्षं ढोलकीवाल्याच्या पाठीमागे उभा राहून वाजवणारा माझा नवरा त्या दिवशी दोनदा जेवला.

मी भावाकडून मुंबईहून नव्या किल्ल्या मागवल्या. दाते बंद डबीत, आत वंगण भरलेलं, प्रमाण एकास अठरा. म्हणजे किल्लीचे अठरा फेरे झाले की तार गुंडाळणारा खांब एकदा फिरतो. मला दागिन्यांची हौस नाही, पण त्या किल्ल्या मी दोन दिवस उशाशी ठेवून झोपले.

दिवसही मीच निवडला. नवमीला मला सुट्टी होती. कुमार मात्र पाचपर्यंत तळोज्याच्या कंपनीत असणार होता, कारण खंडेनवमी म्हणून तिथे यंत्रांची पूजा होती. हे कारण तुम्ही लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

सकाळी नऊला मी हॉलमध्ये पाट मांडला. स्क्रू घरंगळू नयेत म्हणून त्यावर धुतलेला पांढरा कपडा अंथरला. त्यावर वापराच्या क्रमाने स्क्रूड्रायव्हर, पक्कड, हातड्रिल, गोल कानस आणि शेवटी सहा नव्या किल्ल्या, दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर. वीस मिनिटांत जुन्या किल्ल्या निघाल्या. नव्यांचा खांब दोन मिलिमीटरने जाड होता, म्हणजे भोकं मोठी करायला हवी होती. तेही मला ठाऊक होतं, मी व्हर्नियर लावून मोजलं होतं.

तेवढ्यात शेजारच्या वसुंधराताईंनी फोनसाठी हाक मारली. कुमारचा फोन होता. संध्याकाळच्या शर्टाला इस्त्री आहे का, असं विचारत होता. मग वसुंधराताईंनी शिऱ्याची बशी हातात दिली. परत यायला पंचवीस मिनिटं लागली असतील.

घरात आले तर गिटार भिंतीला टेकून उभी, गळ्यात झेंडूची माळ! पाटावरच्या ड्रिलला हळद, कानशीला कुंकू, सहाही किल्ल्यांवर एकेक अक्षता. सासूबाईंनी आपल्याकडची विळी, कातर आणि विणकामाच्या सुयाही त्यात आणून ठेवल्या होत्या. समोर निरांजन तेवत होतं आणि त्या डोळे पुसत होत्या.

"अकरा वर्षं झाली तुला या घरात येऊन," त्या म्हणाल्या. "देवाधर्माचं मी तुला कधी बोलले नाही. पण आज तू न सांगता पाट मांडलास, रोहिणी."

मी हळूच विचारलं, हे उचलायचं कधी? त्या म्हणाल्या, उद्या, दसऱ्याला. तोवर हत्याराला हात लावायचा नसतो, माहीत आहे ना? मी म्हटलं, माहीत आहे. मग नमस्कार केला आणि चप्पल घालून बाहेर पडले. पनवेलमध्ये काय एकच ड्रिल आहे?

ड्रिल पुष्कळ होते. सगळे झेंडूखाली होते.

बुधाजी सुताराने दुकानात करवती मांडल्या होत्या, वधूपक्षाने रुखवत मांडावं तशा. मी अडचण सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतली आणि पेढा दिला.

"बाय, आज हत्याराला हात नाय लावायचा. तुमी उंद्या या, सा काय, साठ भोकं पारून देतो."

सायकलवाल्याने खोबरं दिलं. इलेक्ट्रिशियनने बुंदी दिली. मग मला एकदम इस्माईलभाईंचं गॅरेज आठवलं आणि स्वतःच्या बुद्धीचं कौतुक वाटलं. तिथे गेले तर जॅकपासून कंप्रेसरपर्यंत सगळ्याला हार. इस्माईलभाई ओशाळून म्हणाले, "मॅडम, कारागीर लोग सुनते नहीं. मेरा स्क्रूड्रायव्हर भी ले गए." त्यांनीही पेढा दिला. शेवटचा उपाय म्हणून मी दातांच्या डॉक्टर नीता यांच्याकडे गेले. त्या म्हणाल्या, मशीनची पूजा झाली आहे, पण कोणाची दाढ ठणकत असेल तर नियम मोडते. दाढ कोणाची आहे? मी कोणाची म्हणून सांगणार?

चार वाजता घरी पोचले तेव्हा पोटात पाव किलो प्रसाद होता आणि हातात काही नव्हतं. गिटार सहा रिकाम्या भोकांनी माझ्याकडे बघत होती. दीड-दोन तासांत कुमार येणार होता. मी सासूबाईंसमोर बसले.

"आई, तो पाट मी पूजेसाठी नव्हता मांडला."

मग कशासाठी, असं त्यांनी विचारलं. मी किल्ल्या, भोकं, उदयसिंह, सगळं सांगितलं. त्यांनी चार अक्षता उचलून पाटावर टाकल्या आणि एका बोटाने पाट जरासा सरकवला.

"हलवली पूजा. देवीला काय सांगायचं ते मी सांगते. पोराचं नुकसान करून कसली पूजा! आणि हे सकाळीच का नाही बोललीस?"

मी अख्ख्या पनवेलला विचारून आले होते. फक्त त्यांना विचारायचं राहिलं होतं.

हळदीने पिवळ्या झालेल्या हातांनी मी सहा भोकं मोठी केली, किल्ल्या बसवल्या, तारा चढवल्या. पावणेसहाला कुमार आला. चकचकीत किल्ल्या बघून नुसतं "अरे वा" म्हणाला आणि गिटार उचलून पळाला. स्क्रू एकही उरला नाही.

सुकापूरला सासूबाई आणि मी बायकांमध्ये तिसऱ्या रांगेत बसलो. पहिलं गाणं झकास झालं. गाणं संपलं, कुमार वाकला आणि त्याने सहाही किल्ल्या अर्धा अर्धा फेरा पिळल्या.

जुन्या किल्ल्या दर गाण्यात उतरायच्या, म्हणून सात वर्षं तो दर गाण्यानंतर त्या तेवढ्याच चढवत आला होता. त्यात कानाचा संबंधच उरला नव्हता, हात आपोआप जायचा. नव्या किल्ल्या उतरल्याच नव्हत्या! अर्ध्या फेऱ्याला साधारण अर्धा स्वर, असा मी बसल्या जागी हिशेब केला. ऑर्गन नव्हता, त्यामुळे हरकत घ्यायला कोणी नव्हतं. उदयसिंह सूर गिटारवरून घ्यायचे. त्यांचा कुमारवर विश्वास होता.

दुसऱ्या गाण्यानंतर मी उभी राहिले. हवेत बोटं फिरवून दाखवली आणि मग नको-नको असा हात हलवला. कुमारने पहिला अर्धा भाग बघितला, मान डोलावली आणि आणखी एक फेरा दिला.

चौथ्या गाण्यात उदयसिंहांच्या मानेवरच्या शिरा मागच्या रांगेतून मोजता आल्या असत्या. माझ्या शेजारच्या बाईंनी हात जोडले. काय भक्ती आहे, म्हणाल्या. पाचव्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात कुकरची रिंग गेल्यासारखा आवाज झाला. त्यानंतर उदयसिंहांचं तोंड उघडं राहिलं, पण बाहेर काही आलं नाही. तारा टिकल्या, गायक गेला!

आणि कुमारने, मान वर न करता, जिथे उदयसिंह थांबले होते तिथून चाल उचलली आणि गाणं पुरं केलं. मी स्टेजच्या मागे धावले आणि त्याला बजावलं की आता किल्ल्यांना हात लावायचा नाही. पुढचा दीड तास तो एकटा वाजवत होता. बायकांनी फेर धरला, मंडळाने आणखी दोन गाणी मागितली. दोन गाण्यांच्या मधे तो हात खिशात घालून उभा राहायचा.

दसऱ्याला सकाळीच उदयसिंह सोनं द्यायला घरी आले. गळ्याला मफलर, खिशात वही. सासूबाईंनी विचारलं, काय म्हणता? त्यांनी वहीत लिहून दाखवलं, "कुमार कायमचा पुढे." कुमारचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग त्यांनी खाली लिहिलं, "मी एक महिना बोलायचं नाही. डॉक्टर." आणि पान उलटून तिसरी ओळ लिहिली, "किल्ल्या कोणी बदलल्या?"

"आमच्या रोहिणीने," सासूबाई अभिमानाने म्हणाल्या.

उदयसिंहांनी माझ्याकडे बघितलं आणि पेन्सिलीला टोक करायला घेतलं. मी चहा टाकायला आत गेले. तो चहा मी खूप वेळ उकळला.