घोडेस्वाराची नवी आवृत्ती

संग्रह करणाऱ्या माणसाला मनःशांती लाभत नाही. त्याच्या कपाटात जी वस्तू आहे, तीच वस्तू जगात कुठेतरी कोणीतरी सुधारत बसलेलं असतं. टपाल तिकिटं जमवणाऱ्याला हा जाच नाही. तिकीट जितकं जुनं तितका त्याचा मान मोठा. सिनेमाचं तसं नाही. सिनेमा घरात आणला की त्याच दिवसापासून तो मागास होऊ लागतो, आणि काही वर्षांनी लोक त्याच्या मालकाकडेही त्याच नजरेने पाहू लागतात.

पोलंडमधल्या लुब्लिन शहरातले निवृत्त ट्रॉलीबसचालक झेनोन व्रोना यांच्या बैठकीच्या खोलीत एक भिंत आहे. (खोलीला भिंती चार आहेत, पण बाकीच्या तीन या एका भिंतीच्या सोयीसाठी उभ्या आहेत.) ती भिंत व्यापून एक तपकिरी कपाट आहे. खालच्या फळीवर काचेची भांडी. ती वापरण्यासाठी नाहीत, असण्यासाठी आहेत. वरच्या सगळ्या फळ्यांवर व्हिडिओ कॅसेटी. एकूण कॅसेटी दोनशेच्या आसपास. त्यांपैकी दिसणाऱ्या निम्म्या. ऐकू येणाऱ्या त्याहून थोड्या जास्त. दिसणाऱ्या आणि ऐकूही येणाऱ्या अशा अकरा, आणि त्यांतल्या दोन लग्नाच्या : एक भाचीच्या, दुसरी चुकून आलेली, कुणा भलत्याच जोडप्याच्या. (दुसरी जास्त पाहिली जाते. त्या लग्नात जेवण चांगलं होतं.)

मुलगा डॉमिनिक व्रोत्स्वाफला असतो आणि, त्याच्या आईच्या शब्दांत, "संगणकाचं काहीतरी" करतो. त्याचं मत स्पष्ट होतं. "बाबा, हे सिनेमे नाहीत. ही बुरशी आहे."

"चीजमध्ये बुरशीचे जास्त पैसे पडतात," झेनोन म्हणाले.

या विषयावर बापलेकांत इतकीच चर्चा होत असे, आणि ती दर नाताळात होत असे.

आता इथल्या एका संस्थेविषयी सांगणं भाग आहे. परदेशी सिनेमा ऐकण्याची इथली रीत अत्यंत सभ्य आहे. पडद्यावर पन्नास माणसं बोलोत, त्यांचं बोलणं चालू असतानाच एकच गृहस्थ सगळ्यांचे संवाद पोलिशमध्ये वाचून दाखवतात. त्यांना लेक्टर म्हणतात. नायक, नायिका, खलनायक, न्यायाधीश, पाळण्यातलं मूल, सगळे त्या एकाच आवाजात. आणि आवाज कसा, तर खिडकीमागचा कारकून "पुढचे" म्हणतो तसा. "तुझ्यावाचून मी मरेन" आणि "घोड्याला दाणा घाल" ही दोन वाक्यं लेक्टर एकाच पट्टीत वाचतो. भावना ज्याने त्याने घरून आणायची. इतर देशांत या कामासाठी नटनट्या ठेवतात, निरनिराळे आवाज काढायला लावतात, आणि मग तिथली माणसं घरीसुद्धा आवाज काढून बोलू लागतात. लुब्लिनमध्ये प्रेमही सपाट आवाजात होतं आणि भांडणही. त्यामुळे शेजाऱ्यांना कोणतं काय ते चटकन कळत नाही आणि सोसायटीत शांतता राहते.

व्रोनांच्या संग्रहाचा मुकुटमणी म्हणजे घोडेस्वाराचा सिनेमा. त्याचं खरं नाव कोणालाच माहीत नव्हतं, कारण नावाच्या जागी कोणीतरी स्कीवरून उड्या मारण्याची स्पर्धा भरून ठेवली होती. बाजारात टेबलावर मिळालेली ही कॅसेट कशाच्या तरी नकलेच्या नकलेची नक्कल होती. आकाश हिरवं होतं. तरीही गोष्ट कळत असे. एक मिशीवाला घोडेस्वार गावोगाव भटकतो, वाईट माणसांना गोळ्या घालतो, आणि शेवटी एका विधवेच्या दारात येऊन उभा राहतो. ती त्याच्याकडे बघते. लेक्टर म्हणतो, "मी आता कुठे जाणार नाही. दार लोटू नकोस." लगेच पडदा पांढराफटक होतो आणि खरखर सुरू होते.

इतका संयमी शेवट त्या जिन्यावर राहणाऱ्यांनी पूर्वी पाहिला नव्हता. खालच्या मजल्यावरच्या कुबातबाईंचे यजमान लिबियात रस्ते बांधून परतले तेव्हा त्यांनी कॅसेट लावायचं यंत्र आणलं होतं, आणि सत्त्याऐंशीच्या त्या हिवाळ्यात सगळा जिना त्यांच्या खोलीत दाटीवाटीने बसला होता. तरुण झेनोन पाय ठेवायच्या एका बुटक्या पायटेबलाच्या अर्ध्या भागावर होते. उरलेला अर्धा भाग हालिनाचा. हालिना खारवलेल्या काकड्यांची बशी घेऊन स्वयंपाकघरातून परतली, तेव्हा पडदा नुकताच पांढरा झाला होता. ती शेजारी टेकली. झेनोन तिच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "मी आता कुठे जाणार नाही. दार लोटू नकोस." आवाज त्यांचा मुळातच सपाट होता.

हालिनाने काकडी संपवली. मग म्हणाली, "बरं."

वसंतात लग्न झालं. झेनोननी मिशी ठेवली, घोडेस्वारासारखी. शब्दही पाळला, ट्रॉलीबसच्या चालकाला तो पाळणं सोपं जातं, कारण गाडी तारेला बांधलेली असते. पुढे ती कॅसेट त्यांनी कुबातांकडून मागून घेतली, आणि तेव्हापासून नाताळच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती लागते. घोडेस्वार दाराशी आला की हालिना उठून आत जाते. ती डोळे पुसायला जाते, हे झेनोनना माहीत होतं. (ती खसखशीचा केक कापायला जात असे. सिनेमा संपला की सगळ्यांना केक लागतो.)

यंदा डॉमिनिकने नाताळच्या झाडाखाली एक चपटी डबी ठेवली. घोडेस्वाराची नवी आवृत्ती. एकेक चित्र धुऊन पुसून घेतलेलं, रंग मूळचे, आवाज मूळचा. लेक्टर नाही, खाली अक्षरं येतात, ती ज्याची त्याने वाचायची. शिवाय दिग्दर्शक दोन तास स्वतःविषयी बोलतात ते वेगळंच.

"एक बघा," डॉमिनिक म्हणाला. "आवडली तर सगळंच नवं घेऊ, आणि हे कपाट रिकामं करू."

"आणि तिथे काय ठेवू?" हालिनाने विचारलं.

"काहीच नाही. मोकळी भिंत."

मोकळ्या भिंतीकडे बघून माणसं काय करतात, हे हालिनाच्या ध्यानात येईना. पण तिने नवऱ्याला इतकंच म्हटलं, "झेनेक, पोराने आणलंय तर बघ की. तू काय त्या कॅसेटीशी लग्न केलंयस?"

 तांत्रिकदृष्ट्या, झेनोनना वाटलं, केलंय.

डेपोत नियम होता : जुना मार्ग मोडण्याआधी नव्या मार्गावर एक गाडी सोडून बघायची. त्याला अनुसरून नाताळच्या दुसऱ्या दिवशी चाचणी-प्रदर्शन ठरलं. समितीत अध्यक्ष झेनोन, तांत्रिक सल्लागार डॉमिनिक, केकविभागप्रमुख हालिना, आणि मूळ प्रदर्शनाच्या हयात साक्षीदार म्हणून कुबातबाई. कुबातबाई वेळेवर आल्या, सोफ्याची चांगली बाजू त्यांनी घेतली, आणि चष्मा घरी राहिल्याचं जाहीर केलं.

"आता ती खालची अक्षरं कोण वाचणार मला?"

"मी आणतो की तुमचा चष्मा," डॉमिनिक म्हणाला.

"राहू दे रे. किल्ली कुठे ठेवलीय ते बघायलाच चष्मा लागतो. झेनोन वाचेल."

अशा रीतीने लेक्टरचं पद भरण्यात आलं. झेनोननी घसा साफ केला आणि वाचायला घेतलं. नायक, खलनायक, न्यायाधीश, सगळे एका सुरात. कुबातबाई समाधानाने मागे रेलल्या. "हं. आता सिनेमासारखं वाटतंय."

नव्या आवृत्तीचे निष्कर्ष भराभर हाती येऊ लागले. आकाश निळं होतं. गावात चर्च होतं. आजवर तो कॅसेटवरचा डाग समजला जात असे. विधवा आणि तिची आई ही एकच बाई असल्याचा समज होता, त्या दोन निघाल्या, आणि त्यामुळे मधल्या एका प्रसंगातला निर्लज्जपणा बराच कमी झाला. मग घोडेस्वाराने टोपी काढून तोंड उजेडात आणलं.

"अगं बाई," कुबातबाई म्हणाल्या. "याची मिशी कुठे गेली?"

मिशी नव्हती. वरचा ओठ गुळगुळीत होता, लहान मुलासारखा. मिशी म्हणून जी काय होती ती नकलेच्या नकलेत साचलेली काजळी होती. समितीच्या सर्व सदस्यांनी सावकाश मान वळवून अध्यक्षांच्या तोंडाकडे पाहिलं.

"ही माझी आहे," झेनोन म्हणाले. "खरी आहे."

"आम्ही कुठे काय म्हटलं?" हालिना म्हणाली आणि चटकन आत गेली. केकची वेळ झालीच होती.

पडद्यावर घोडेस्वार दाराशी आला. विधवेने त्याच्याकडे पाहिलं. इतक्या स्वच्छ चित्रात तिचे डोळे घारे आहेत हेही दिसत होतं. घोडेस्वाराने ओठ हलवले. खाली अक्षरं आली : "पाणी आहे का? घोड्याला."

झेनोननी ते मनात एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. मिशी गेली तेव्हा त्यांनी तक्रार केली नव्हती. माणूस ओठावरचं सोडू शकतो. पण या दारातल्या दोन वाक्यांवर त्यांनी एक मुलगी मागितली होती, घर थाटलं होतं, दर नाताळात तिला उठून डोळे पुसायला जाताना पाहिलं होतं. स्वयंपाकघरात सुरी ताटलीवर वाजत होती.

"काय म्हणाला?" कुबातबाईंनी विचारलं. "झेनोन, झोपलास का?"

झेनोननी घसा साफ केला आणि सपाट आवाजात वाचलं : "मी आता कुठे जाणार नाही. दार लोटू नकोस."

डॉमिनिक म्हणाला, "बाबा, तसं लिहिलेलं नाहीये तिथे."

पण पडदा या वेळी पांढरा झाला नाही. घोडा पाणी प्यायला. घोडेस्वाराने तोंड पुसलं, टोपी घातली आणि तो निघाला. मूळचा सिनेमा अजून पाव तास शिल्लक होता.

"अहो, हा तर चालला," कुबातबाई म्हणाल्या. "आत्ताच म्हणाला ना, जाणार नाही? माझाही असाच. एका महिन्यासाठी म्हणून लिबियाला गेला होता."

हालिना केकचं ताट घेऊन दारात उभी होती.

"दार लोटू नकोस, हे कोण म्हणालं?" तिने विचारलं.

"सिनेमातला," कुबातबाई म्हणाल्या.

"सिनेमातला नाही," डॉमिनिक म्हणाला. "तो पाणी मागतोय. कॅसेट छोटी असणार, आई. सिनेमा त्यात मावत नव्हता. वाचणाऱ्याला दिसलं असेल की टेप संपत आलीय, मग त्याने पदरची दोन वाक्यं घालून शेवट करून टाकला. सज्जन माणूस."

हालिनाने ताट टेबलावर ठेवलं. "पण हे तर झेनेकचं वाक्य आहे. मला म्हणाला होता, पायटेबलावर."

"मी तिथूनच घेतलं होतं," झेनोन म्हणाले. "मला वाटलं तू ऐकलंयस."

"मी काकड्या काढत होते तेव्हा."

"आणि नंतर? दर वर्षी?"

"केक कोण कापतं या घरात?"

 पडद्यावर घोडेस्वार एका मोठ्या गावात पोचला, त्याने घोडा विकला आणि तो रेल्वे कंपनीत नोकरीला लागला. समितीने हे शेवटपर्यंत पाहिलं. पाटी आली, संगीत झालं, पडदा काळा पडला.  झेनोन आपल्या हातांकडे बघत होते. जे वाक्य घोडेस्वाराचंही नव्हतं, ते आता परत कोणाला करायचं, हे त्यांना सुचत नव्हतं.

हालिनाने केकचा पहिला तुकडा कुबातबाईंना दिला, दुसरा मुलाला. तिसरा हातात धरून ती म्हणाली, "म्हणजे घोड्यावरचा गेला. वाचणारा कोण, कुठला, त्याचा पत्ता नाही. ते वाक्य बोलून इथे राहिलेला एकटा तू." तिने तुकडा त्यांच्या बशीत ठेवला. "मग ते तुझंच झालं की. खा."

समितीचा निर्णय एकमताने झाला तो असा. कपाट जिथे आहे तिथे राहील. नवी चकती बाद न करता चहाच्या पेल्याखाली ठेवण्यात येईल. डाग पडत नाही. मिशीला मूळ आधार उरला नसल्याने ती काढावी, हा कुबातबाईंचा ठराव मंजूर झाला आणि लगेच अमलात आला. न्हाणीघरातून बाहेर आलेल्या चेहऱ्याकडे हालिनाने बराच वेळ पाहिलं, वरचा ओठ बोटाने चाचपला, आणि म्हणाली, "सगळंच दिसतंय रे. वाढव परत."

आता सुज्ञ माणसाला या लोकांचं हसू येणं स्वाभाविक आहे. एका बाजारी वाचणाऱ्याने सगळी पात्रं एका आवाजात वाचावीत, मनचं वाक्य घालावं, आणि यांनी ते खरं धरून संसार करावा. आपण तसे नाही. आपण फक्त लुब्लिनच्या चौथ्या मजल्यावरच्या बाप, मुलगा, बायको आणि शेजारीण या सगळ्यांना आत्ता एकाच आवाजात अस्खलित मराठी बोलताना ऐकलं, आणि "मग ते तुझंच झालं की" इथे आपला घसा जरा दाटला असेल तर तो दाटू दिला. हालिना त्या क्षणी पोलिशमध्ये नेमकं काय म्हणाली, हे आपण विचारलं नाही.

ती म्हणाली होती, "बशी पुढे कर." पण कागद संपत आला होता.