डावी बाजू हलकी पडते

उमाळकर काका माणसाला नमस्कार करायच्या आधी त्याचं वजन करतात. काटा वगैरे काही लागत नाही. डोक्यापासून पायापर्यंत एकदा बघतात, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटतात आणि मग बसायची जागा दाखवतात. त्यांच्या सोफ्यावर आपल्याला हवं तिथं बसता येत नाही. "तुम्ही मधे या. हां, असे. वहिनी, तुम्ही कडेला." वरच्या मजल्यावरची नवी सून पाया पडायला आली, तेव्हा आशीर्वादाचा हात तिच्या डोक्यावर असतानाच काका म्हणाले, "अठ्ठावन्न?" पोरगी दचकली. "छप्पन्न," असं कसंबसं म्हणाली. "साडी धरून अठ्ठावन्नच," असं म्हणून काकांनी तिला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. आत स्वयंपाकघरात शैलाकाकूंनी कपाळाला हात लावलेला मी बघितला.

आम्ही अवधपुरीत समोरासमोरच्या दारांत राहतो. माझे वडील सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले आणि इथलेच झाले. मीही सरकारीच नोकरी धरली. काका इथल्या मोठ्या कारखान्यातून निवृत्त झाले. तिथं त्यांचं काम होतं माल पोहोचवण्याचं. माल म्हणजे खोकी नव्हेत. घराएवढाले ट्रान्सफॉर्मर. ते देशाच्या कुठल्या तरी कोपऱ्यातल्या वीजकेंद्रात सुखरूप न्यायचे. ढीगभर चाकांचा ट्रेलर माणसाच्या चालीनं सरकायचा आणि काका त्याच्या पुढं चालायचे. पूल तपासायचे, वळणं मापायचे, आडव्या येणाऱ्या तारा उचलायला लावायचे. एक ट्रान्सफॉर्मर पोहोचायला कधीकधी महिने लागायचे. "आधी रस्ता, मग गाडी, शेवटी माणूस," हे त्यांचं आवडतं वाक्य तिथलंच. दुसरं आवडतं, "माल हलता कामा नये." हे ते काकूंना चहाचा ट्रे आणतानासुद्धा म्हणतात.

"मधुरा रांगत होती तेव्हा हे एक ट्रान्सफॉर्मर घेऊन निघाले," काकू एकदा मटार सोलता सोलता मला सांगत होत्या. "परत आले तेव्हा दार उघडायला तीच चालत गेली. ओळखलं नाही तिनं. खालची कडी लावून घेतली आतून." काकू हसल्या. काकांनी पेपर तोंडासमोर धरला होता, पण पान उलटत नव्हते आणि वाचतही नव्हते.

तर यंदाच्या दिवाळीची गोष्ट. मुलगा निखिल पुण्याहून, मुलगी मधुरा बंगलोरहून, दोघंही सहकुटुंब येणार होते. जानेवारीत निखिल बायको आणि लेक रेवाला घेऊन कॅनडाला जाणार होता, कायमचा म्हणायला हरकत नाही. सगळे एका छपराखाली येण्याची ही शेवटची संधी, हे घरात कुणी बोलत नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं. रेवाला आणि मधुराच्या ओमला इंदूरजवळच्या त्या मोठ्या पार्कात जायचं होतं. उंच पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, उलटे टांगून फिरवणाऱ्या गाड्या, असलं सगळं तिथं आहे. भाऊबीज झाली की जायचं ठरलं. पोरांनी "आबा, पार्क!" म्हणून फोनवर गिल्ला केला आणि आबांनी दुसऱ्या दिवसापासून वाहतुकीचं काम हाती घेतलं.

निखिलनं फोनवर सुचवलं, "बाबा, दोन टॅक्सी करू. तीन-साडेतीन तासांत पोचतो."

"एकच गाडी," काका म्हणाले. "कन्साइनमेंट तोडायची नसते."

"बाबा, आम्ही कन्साइनमेंट नाही."

"ते तू मला सांगू नको. मी चाळीस वर्षं हेच केलंय."

पुढच्या आठवड्यात मला इंदूरला मावशीकडं जायचं होतं. काका म्हणाले, "चला माझ्याबरोबर, मी रूट सर्व्हेला निघालोय." फुकटची सोय म्हणून मी हरखले. ती चूक होती. काकांची जुनी मारुती ट्रेलरच्याच वेगानं चालते. प्रत्येक पुलियापाशी ते उतरायचे, खाली वाकून बघायचे, दगडावर पाय आपटायचे. "काका, आपण मारुतीत आहोत," मी म्हटलं. "आज आहोत," ते गंभीरपणे म्हणाले.

आष्ट्याला त्यांनी गाडी डावीकडं, कन्नौदच्या रस्त्याला घातली.

"काका, इंदूर सरळ ना?"

"सरळ रस्त्यावर पुलाचं काम चाललंय."

"कुठं?"

"पुढं."

कन्नौद मागं पडलं, सागाचं जंगल सुरू झालं. काकांनी एका हातानं फोन खिडकीबाहेर धरला होता. अचानक ओरडले, "गेली!" मला वाटलं, ब्रेकच गेले.

"काय गेलं?"

"रेंज!"

कुणाला लॉटरी लागल्यावर जसा चेहरा होतो तसा त्यांचा झाला होता. मग घाटभर तेवढंच चाललं. "अजून नाही. अजून नाही. वा! अजून नाही." जंगल संपलं, उघडा माळ आला आणि फोन टुणकन वाजला. काकांनी तो खिशात टाकला. "एवढ्यातच आली," असं नाराजीनं म्हणाले. मी विचारलं तर म्हणाले, "इमर्जन्सीसाठी माहिती असावी लागते." मला ते पटलं. काकांच्या बाबतीत असलं काहीही पटतं. मावशीकडं पोचले तेव्हा तिची दुपारची झोपसुद्धा झाली होती.

दिवाळीत मंडळी आली. घर भरलं. म्हणजे चपलांनी भरलं. निखिल आतल्या खोलीत लॅपटॉपपुढं, "येस, येस, कॅन यू हिअर मी?" जावई गॅलरीत फोनवर. मधुरा ओमच्या शाळेच्या ग्रुपवर. पोरं आपापल्या पडद्यात. काका फराळाची बशी घेऊन या खोलीतून त्या खोलीत जायचे, दारात उभे राहायचे, आणि बशी टेबलावर ठेवून परत यायचे. मी चकली खात हे बघत होते. वाईट वाटलं. काकांनीही मला बघितलं आणि म्हणाले, "ताई, बाहेरच्या अंगाला बसा, सोफा कलतोय."

पाडव्याला त्यांनी ट्रायल घेतली. कॉलनीच्या गणपतीच्या प्लास्टिकच्या खुर्च्या खाली पार्किंगमध्ये मांडल्या, मधे वाट सोडून, अगदी टेम्पो ट्रॅव्हलरच्या बेतानं. पुढं स्टुलावर ड्रायव्हर शकील. सगळ्यांना वरून बोलावून आणलं. गच्च्यांतून बघायला अर्धी कॉलनी उभी.

"साब," शकील काकुळतीला येऊन म्हणाला, "गाड़ी तो ये सामने खड़ी है. उसी में बिठा लो न सबको."

"पहले ट्रायल. ट्रायल के बिना गाड़ी को हाथ नहीं लगाते, शकील मियाँ."

शकीलनं हवेतलं स्टिअरिंग धरलं. काका प्रत्येकाला बसवत गेले. जावई दणकट, ते उजवीकडं चाकाच्या वर. निखिल त्यांच्या पुढं. सून, मधुरा, काकू डावीकडं. मुलं मधे. मग काका दूर जाऊन, एक डोळा मिटून, कंबरेवर हात ठेवून उभे राहिले.

"डावी बाजू हलकी पडते," ते म्हणाले आणि त्यांची नजर वर, माझ्या गॅलरीकडं गेली. "सुनंदाताई! तुम्ही पण चला."

माझ्या वजनाचा असा जाहीर सन्मान याआधी कुणी केला नव्हता. मी नाही म्हणणार होते. काकू खुर्चीतूनच म्हणाल्या, "चल गं. त्यांच्या भाषेत हा आग्रह असतो." दिवाळीत एकटीनं चौथ्यांदा उपमा खाण्यापेक्षा बरं, म्हणून मी हो म्हटलं. मला डाव्या बाजूला शेवटची खिडकी मिळाली.

निघालो. सीहोरपर्यंत सगळे फोनमध्ये. आष्ट्याला गाडी वळली तसा निखिलनं मान वर केली. "बाबा, इकडून कुठं?"

"पुलाचं काम."

"इतकं लांबून? माझा कॉल आहे अकराला."

"रस्ता बघून ठेवलाय मी," काका म्हणाले. शकीलशेजारी ताठ बसले होते. हातानं त्याला सारखी खूण, हळू, हळू.

कन्नौद गेलं. जंगल आलं. आधी ओम ओरडला, त्याचा गेम अडकला. मग जावई "हॅलो, हॅलो" करत खिडकीशी झगडले. निखिलचा कॉल नेमका तेव्हाच तुटला. "बाबा, रेंज गेली!"

"जाईल," काका मागं न बघता म्हणाले. "पुढं येते."

"किती पुढं?"

"येते."

थोडा वेळ सगळे फोन वर धरून बसले. मग एकेक हात खाली आला. काय करावं कुणाला सुचेना. रेवानं विचारलं, "आबा, तुम्ही तो मोठ्ठा ट्रान्सफॉर्मर अशाच रस्त्यानं न्यायचात?"

काकांनी मान वळवली. एका नदीपाशी पूल कच्चा निघाला म्हणून त्यांनी नदीतूनच रस्ता कसा बांधला ते सांगितलं. ट्रेलर बघायला अख्खं गाव आलं, एका म्हातारीनं ट्रान्सफॉर्मरला हळदीकुंकू लावलं आणि काकांच्या ओंजळीत नारळ ठेवला, तेही सांगितलं. मुलं खिदळली. मग मधुरानं तिनं आतून कडी लावून घेतल्याची गोष्ट स्वतः सांगितली, काकूंकडून ऐकलेली. "मग बाबा काय केलंत तुम्ही?"

"पायरीवर बसलो," काका म्हणाले. "तुझी आई परसातून येऊन कडी काढेपर्यंत."

निखिल हसता हसता थांबला. "मला हे माहीतच नव्हतं," म्हणाला. जावयांनी लाडवांचा डबा उघडला. सुनेनं गाणं सुरू केलं, बेसूर, आणि सगळ्यांनी तिला साथ दिली, त्याहून बेसूर. काकांनी आरसा स्वतःकडं फिरवून घेतला होता. शकील बिचारा मान बाहेर काढून मागचं बघत गाडी चालवत होता.

पार्काच्या दारात पोचलो आणि जे व्हायचं तेच झालं. पोरं एका दिशेला, जावई दुसऱ्या, मधुरा आणि तिची वहिनी कपडे बदलायला. काकू मला म्हणाल्या, "मी जरा पाण्यात पाय बुडवून येते," आणि गेल्याच. काका पिशव्यांजवळ बाकावर बसले. पाळण्यात चला म्हटलं तर म्हणाले, "माझा प्रवास झाला." आणि खरंच समाधानानं डुलकी घेऊ लागले.

दुपारी निखिल पाण्याची बाटली न्यायला आला. फोनवर नकाशा उघडा होता. बापाकडं एकदा बघून त्यानं हळूच मला विचारलं, "मावशी, तुम्ही बाबांबरोबर सर्व्हेला होतात ना? तो पूल बघितलात तुम्ही? इथं तर सरळ रस्ता मोकळा दाखवतोय."

"पूल नाही बघितला," मी म्हटलं. "रेंज बघितली. कुठं जाते आणि कुठपर्यंत येत नाही, ते." आणि बोलता बोलता माझ्याच डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा माणूस जन्मभर लोखंडाबरोबर महिनोन्महिने प्रवास करत राहिला. आता पोरं जाण्याआधी त्याला ती एका गाडीत, एकत्र, थोडा जास्त वेळ हवी होती. तेवढ्यासाठी त्यानं सगळ्यात लांबचा रस्ता शोधून काढला होता.

निखिल बाटली न घेताच गेला, मग परत येऊन घेऊन गेला.

संध्याकाळी गाडीत चढताना काकांची सगळी मांडणी मोडली. निखिल "मी पुढं बसतो" म्हणून शकीलशेजारी जाऊन बसला. मुलांनी आबांना ओढून मागं, डाव्या बाजूला, माझ्या पुढच्या सीटवर बसवलं. रेवा एका कुशीत, ओम मांडीवर. मधुरा आपली जागा सोडून तिथंच दाटीवाटीनं येऊन टेकली. मी वाट बघत होते, आता काका ओरडतील.

बायपासला फाटा आला. शकीलनं गाडी हळू केली. "साब, सीधे निकल चलें? जल्दी घर पहुँचेंगे."

काकांनी मांडीवरच्या ओमकडं बघितलं. "हाँ, सीधे ही चलो," ते म्हणाले. "बच्चे थक गए हैं." आवाज अगदी साधा होता.

निखिलचा फोन तेवढ्यात वाजला. त्यानं तो बंद करून खिशात टाकला.

"नहीं भैया," तो पुढं बघतच म्हणाला, "जिस रास्ते से आए थे, उसी से. सीधे रास्ते पे पुल का काम चल रहा है."

शकीलनं गाडी वळवली. मग काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत लावला. पुन्हा काढला.

"हळू घे म्हणावं त्याला," शेवटी ते म्हणाले.

जंगल आलं तेव्हा काळोख पडला होता. रेवा त्यांच्या खांद्यावर झोपली होती, मधुराही पेंगत होती. सगळा भार एका अंगाला आला होता. गाडी चांगलीच डावीकडं कलत होती. मला ते नीट जाणवत होतं, आणि काकांना तर जाणवतच असणार. पण ते काही बोलले नाहीत.