अयाकल्लाचं कार्यालयीन डोकं

प्राचीन काळच्या उम्मा शहरातल्या देवळाच्या बीअर-कोठाराचा रखवालदार अयाकल्ला याचा शिक्का एका सकाळी गळ्यातून सुटून उंबऱ्यावर पडला आणि त्याचा मसुरीएवढा टवका उडाला. शिक्का म्हणजे करंगळीएवढा दगडी दंडगोल. ओल्या मातीवर लाटला की चित्र उमटे: सिंहासनावर देवी, पुढे हात उंचावलेला अयाकल्ला. देवी शाबूत होती. सिंहासन शाबूत होतं. अयाकल्लाला मात्र डोकं नव्हतं.

पगाराचे जव मिळावेत म्हणून करायच्या महिन्याच्या मागणीवर त्याने तोच लाटला. कारकून उर-एमाशने मातीची पाटी तिरक्या उन्हात धरली.

"डोकं कुठंय?"

"हे काय, मानेवर."

"ते खासगी झालं हो. मी कार्यालयीन डोक्याबद्दल विचारतोय."

"साहेब, बारा वर्षं रोज बघताय मला!"

"बघतोय ना. पण बघण्याला दफ्तरात जागा नाही. ठशात डोकं नसलेला इसम मयत धरावा, असा नियम आहे."

"मग नवा शिक्का कोरून घेतो."

"जरूर. परवानगीचा अर्ज करा. मयताचा अर्ज वारसाने करायचा असतो."

वारस म्हणजे बायको, निनखेदू. ती आपला अखंड शिक्का घेऊन आली.

"पहिलं कलम, 'माझे पती मयत आहेत.' त्याखाली लाटा," उर-एमाश म्हणाला.

"अहो, हे बसलेत ना शेजारी!"

"बसू देत. बसायला मनाई नाही."

निनखेदू घुटमळली. "विधवेला जव मिळतात का हो?"

"नवा चंद्र दिसला की लगेच."

"लगेच? यांचे तर तीन-तीन चंद्र उलटले तरी यायचे नाहीत."

"जिवंत माणूस थांबू शकतो, बाई."

निनखेदूने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा मातीकडे, आणि शिक्का लाटला. ठसा सुबक उमटला.

दुपारी दवंडीवाल्याने शिंग फुंकून अयाकल्लाचा मृत्यू जाहीर केला. शेजारचा कुंभार लुगिना अयाकल्लाच्याच खांद्यावर मान टाकून रडला. "फार भला माणूस होता रे! माझी शिडी घेऊन गेला तो गेलाच." शिडी आपल्या घरातच आहे, हे सांगायचं अयाकल्लाने टाळलं. मयताने बोलणं बरं दिसलं नसतं.

संध्याकाळच्या आत कोठारावर उर-एमाशचा मेहुणा रुजू झाला. त्याच्या शिक्क्यावर कोरणाऱ्याच्या चुकीने दोन डोकी होती. पण जादा डोक्याबद्दल नियम नव्हता.

अयाकल्ला कार्यालयात धावला. "मला जिवंत करा!"

"सोपं आहे. पती हयात आहेत, असं तुमच्या विधवेने लिहून द्यायचं."

घरी निनखेदू उंबऱ्यावर मयताच्या नावाची भाकरी आणि बीअर मांडत होती. अयाकल्ला निमूट खायला बसला. जेवण इतक्या वेळेवर त्याला पहिल्यांदाच मिळत होतं.

"अगं, तेवढं लिहून दे ना."

"देते की. एवढा एक चंद्र होऊ दे." तिने भाकरी पुढे सरकवली. "आणि सावकाश चावा. ठसका लागून गेलात, तर पुन्हा शिंग नाही फुंकत ते."

असा तो उम्माचा कारभार. त्यानंतरच्या चार हजार वर्षांत आपण पुष्कळ सुधारलो. दगडाचा टवका उडण्याची भानगडच नको, म्हणून आपण अंगठा वापरतो. नोव्हेंबरात बँकेत जायचं, तो यंत्रावर टेकवायचा, की निवृत्त माणूस वर्षभर हयात. फक्त वयाने अंगठ्याच्या रेषा पुसल्या नसल्या म्हणजे झालं. हसून घ्या, आणि आज जेवताना, वाढणाऱ्या माणसाला सहज विचारून ठेवा, वेळ आली तर लिहून देशील ना?