रजेच्या बटणाला पाय फुटतात

"दिवसभर ऑफिसात हेच करतोस, घरी येऊन पुन्हा हेच, आणि याला छंद म्हणतोस?" बायकोने विचारलं.

प्रोग्रामरने मान हलवत कॉम्प्युटर चालू केला. दिवसभर कपडे शिवणाऱ्या शिंप्याने घरी येऊन विरंगुळा म्हणून काजं करत बसावं, तसला हा प्रकार होता, हे त्यालाही कळत होतं. पण ऑफिसात तो दुसऱ्यांच्या चुका निस्तरायचा आणि घरी स्वतःच्या. तेवढाच बदल.

घरी तो स्वतःचा एक गेम बनवत होता. गेम साधा होता. पडद्यावर एक माशी. माऊसचा बाण तिच्यावर न्यायचा, क्लिक केलं की माशी मेली. बायकोने पहिल्याच दिवशी सगळ्या माशा मारल्या आणि जांभई दिली. तेव्हा इरेला पेटून त्याने माशीला अक्कल दिली. आता बाण जवळ आला की ती सटकायची, आणि कोपऱ्यात गाठली की दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसायची.

"लोक ऑफिसात माशा मारतात, तू घरी मारतोस," बायको म्हणाली. "रजेचा अर्ज टाकलास का? समुद्राकाठचं ते घर आठच दिवसांसाठी मिळतंय."

"टाकतो." दोन वर्षांत दोघं कुठे गेले नव्हते. त्या घरात वीज धड नसते हे ऐकल्यापासून तर त्याला तिथे जायची फारच ओढ लागली होती.

पण साहेबांनी नेमकं तेव्हाच रजेच्या फॉर्मवरची अक्षरं मोठी करायला सांगितलं. ते काम त्याने घरीच, गेमच्या शेजारी फॉर्म उघडून, पेंगत पेंगत उरकलं. इकडचं तिकडे चिकटलं. माशीची सगळी अक्कल 'अर्ज पाठवा' या बटणात गेली, आणि फॉर्म तसाच ऑफिसात चालू झाला.

चार दिवसांनी चहाच्या मशीनपाशी कॅशियरबाई म्हणाल्या, "ते रजेचं बटण पळतंय हो. हात लावू देत नाही."

"मुद्दाम केलंय ते," स्टोअरवाले काका म्हणाले. "पूर्वी रजा म्हटलं की साहेब पळायचे. आता बटण पळतं. साहेबांचे तेवढेच पाय वाचले."

"मग तक्रार करा की!"

"कुणाकडे? साहेबांकडे? आणि काय सांगू? मला रजा हवीय म्हणून?"

प्रोग्रामर चहा तसाच टाकून जागेवर गेला. फॉर्म उघडला. बाण नेला. बटण ज्या तोऱ्यात कोपऱ्याकडे गेलं, ती चाल त्याने ओळखली. पोटचं पोर चालीवरून कळतंच. तो दुरुस्तीला हात घालणार, तोच साहेबांचं बोलावणं आलं.

"चार दिवसांत रजेचा एकही अर्ज नाही!" साहेब म्हणाले. "हा मोठ्या अक्षरांचा परिणाम. आपण काय मागतोय ते लोकांना स्वच्छ दिसायला लागलं. मी वर कळवलंय. आता माझ्या परवानगीशिवाय त्या फॉर्मला बोट लावायचं नाही."

"साहेब, त्यात एक बारीकसं..."

"बारीक काही नको. मोठंच राहू दे."

कागदावर अर्ज घेणं कंपनीने केव्हाच बंद केलं होतं. तेव्हा प्रोग्रामर स्वतःच बटणाच्या मागे लागला. हळूहळू खुर्चीभोवती गर्दी जमली. "डावीकडून या!" "आधी दमवा त्याला!" पण बटण दमणारं नव्हतं. दमलेला माणूस तिथे एकच होता. आपला गेम लोक इतक्या जिवाच्या आकांताने बघतायत, याचा त्याला घटकाभर अभिमान वाटला आणि लगेच रडू यायला लागलं.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. "बॅग भरतेय. उद्या निघायचंय. तुझे कपडे ठेवू की नको? नसशील येत तर आईला नेते."

"ठेव," तो म्हणाला आणि उठून थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेला. नोकरी गेली तर गेली. रजा तरी मिळेल.

"साहेब, ते रजेचं बटण पळतं. माझी चूक आहे."

साहेबांनी उठून दार लावलं. "पळतं? सगळ्यांचंच?"

"सगळ्यांचंच."

"म्हणजे माझा हात थरथरत नाही?"

साहेब मटकन खुर्चीत बसले. "अहो, मीही चार दिवस रजेचा अर्ज टाकतोय! बटण सापडेना म्हणून डॉक्टरकडे गेलो. तपासण्या केल्या, गोळ्या चालू केल्या. डॉक्टर म्हणाले, विश्रांती घ्या, रजा टाका. ती टाकायला बसलो की पुन्हा तेच!" त्यांचे डोळे पाणावले होते. "आत्ताच्या आत्ता ते जागेवर बसवा."

प्रोग्रामरने साहेबांच्याच कॉम्प्युटरवर एक ओळ खोडली. बटण गपगुमान बसलं. लगेच त्याच्या खांद्यावरून साहेबांचा हात आला आणि बटण दाबलं गेलं. साहेबांच्या रजेला मंजुरी साहेबांचीच लागत असल्यामुळे तीही तिथल्या तिथे मिळाली. बाहेर एकच जल्लोष झाला आणि पडद्यावर अर्जांची रांग लागली. साहेबांनी कॉम्प्युटर बंद केला.

"सगळ्यांचं मी परत आल्यावर बघतो. तुमचाही टाकून ठेवा," ते म्हणाले. "तोवर ऑफिस तुमच्यावर."

जागेवर येईपर्यंत त्याचा फोन वाजायला लागला होता.

"झाली का रजा मंजूर?"

"झाली."

"खरंच? कधीपासून?"

"उद्यापासून. आठ दिवस." त्याने खुर्ची ओढली. "साहेबांची."

पलीकडून बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला. मग बायको म्हणाली, "आई, तुझे कपडे आण गं. जागा झालीय."